अपंगांची नोकरी आणि वाजवी सोय

वर्गांत एखादा मुलगा डोळ्यांनीं अधू असला, तर शिक्षक त्याला पहिल्या बांकावर बसवितात. त्याबद्दल इतर मुलांचे पालक तक्रार घेऊन येत नाहींत. त्या मुलाची प्रश्नपत्रिका सोपी केलेली नसते, त्याला मार्कही वाढवून दिलेले नसतात. फळ्यावरचें जें अक्षर इतरांना चौथ्या बांकावरून दिसतें, तें त्याला पहिल्या बांकावरून दिसावें, एवढीच ती तजवीज असते. हाच मुलगा पुढें मोठा होऊन एखाद्या कचेरींत कारकुनी करूं लागतो आणि 'माझें टेबल खिडकीजवळ ठेवावें' असा अर्ज करतो, तेव्हां मात्र ही साधी गोष्ट एकाएकीं अवघड होऊन बसते. एकाला सवलत दिली तर उद्यां सगळेच मागतील, कचेरीचे नियम सर्वांना सारखे असले पाहिजेत, हें उत्तर ठरलेलें असतें. सर्वांना सारखा नियम म्हणजेच समता कीं काय, हा प्रश्न यांतूनच निघतो. आणि गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांत अपंग नोकरांनीं जे दावे लढविले, त्यांच्या मुळाशीं हाच एक प्रश्न आहे.

या दाव्यांत वारंवार येणारा जो इंग्रजी शब्दप्रयोग आहे, त्याला मराठींत 'वाजवी सोय' म्हणण्यास हरकत नाहीं. अपंग मनुष्याला आपलें काम इतरांच्या बरोबरीनें करतां यावें म्हणून कामाच्या जागेंत, वेळेंत, साधनांत किंवा रीतींत केलेला आवश्यक तेवढा फेरफार, असा त्याचा अर्थ. हा फेरफार मालकावर अवाजवी बोजा टाकणारा नसावा, ही त्याची दुसरी बाजू. सरकारी कागदांत हल्लीं 'अपंग' या शब्दाऐवजीं 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. कोणास कोणता शब्द रुचतो याचा वाद येथें नको. शब्द बदलल्यानें कचेरीच्या जिन्याच्या पायऱ्या कमी होत नाहींत, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

गंमत अशी कीं, ही कल्पना प्रथम अपंगांसाठीं जन्मास आलीच नाहीं. ती धर्माच्या दारानें कायद्यांत शिरली. अमेरिकेंत १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें नोकरींत धर्मावरून भेद करण्यास बंदी घातली. पण ज्याचा धर्म शनिवारीं काम करूं नये असें सांगतो, त्याला शनिवारची पाळी लावली तर तो भेदभाव होतो काय? नियम तर सर्वांना सारखाच होता. तेव्हां १९७२ सालीं दुरुस्ती करून असें ठरविण्यांत आलें कीं, धंद्यावर अवाजवी भार न पडतां शक्य असेल तर मालकानें नोकराच्या धर्माचरणाची वाजवी सोय केली पाहिजे. सारखा नियम सर्वांना सारखा लागत नाहीं, ही ओळख कायद्याला येथें प्रथम पटली.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९७३ सालीं, अमेरिकेंत अपंगांच्या पुनर्वसनाचा एक कायदा झाला. त्याच्या ५०४ व्या कलमांत, सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेनें अपंगत्वावरून भेद करूं नये, असें एकच वाक्य होतें. परंतु त्याच्या नियमांवर जवळजवळ चार वर्षें सही झाली नाहीं. अखेर १९७७ च्या एप्रिलमध्यें सान फ्रान्सिस्को शहरांतील सरकारी कचेरींत सुमारें दीडशें अपंग स्त्रीपुरुष जाऊन बसले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथून हलले नाहींत. त्यांत चाकांच्या खुर्चीवांचून हलतां न येणारे होते, आंधळे होते, बहिरे होते. कोणाला दररोजच्या औषधाची गरज, तर कोणाला कूस बदलण्यासही दुसऱ्याचा हात लागे. त्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेस नियमांवर सही झाली. कायद्याचें पुस्तक वाचतांना त्या पानामागें ही मंडळी जमिनीवर निजलेलीं होतीं, याची आठवण असावी. ता. २६ जुलै १९९० रोजीं अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या सहीनें अमेरिकी अपंगांचा मोठा कायदा झाला, आणि वाजवी सोय नाकारणें हाच एक भेदभाव होय, हें तत्त्व खासगी मालकांनाही लागू झालें. आज पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या तेथील प्रत्येक धंद्याला तो लागू आहे.

अशा दाव्यांत न्यायालय काय पाहतें, हें समजून घेण्यासारखें आहे. पहिली गोष्ट, फिर्यादी कायद्याच्या अर्थानें अपंग आहे काय. दुसरी, त्या नोकरींतील मुख्य कामें कोणतीं आणि किरकोळ कामें कोणतीं. टपाल वांटणाऱ्यानें टपाल वांटलेंच पाहिजे. पण तो सायकलीवरून वांटतो कीं पायीं, हें मुख्य नव्हे. मुख्य काम कोणत्याही सोयीनें करतां येत नसेल, तर कायदा मालकाला तें काम सोडून देण्यास सांगत नाहीं. तिसरी गोष्ट, कोणती सोय मागितली होती आणि मालकानें त्यावर नोकराशीं मनापासून बोलणें केलें काय. पुष्कळ दावे या एका ठिकाणीं ठरतात. नोकरानें मागितलेलीच सोय द्यावी असें कायद्याचें म्हणणें नाहीं. परिणामकारक अशी दुसरी, स्वस्त सोय मालक देऊं शकतो. मात्र अर्ज फायलींत बांधून ठेवणें म्हणजे बोलणें नव्हे. शेवटची गोष्ट बोजाची. ती सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, आणि बोजा मोजतांना त्या धंद्याचा आकार व ऐपत पाहतात. चार माणसांच्या छापखान्याला जें जड, तें हजार माणसांच्या गिरणीला जड असेलच असें नाहीं.

हें सारें कागदावर सुबक दिसतें. पण न्यायालयें पहिल्याच पायरीवर कशीं अडखळतात, याचें एक उदाहरण पाहण्याजोगें आहे. अमेरिकेंतील दोन जुळ्या बहिणी वैमानिक होत्या. त्यांची दृष्टि चष्म्यावांचून फार कमी, पण चष्मा लावला कीं अगदीं निर्दोष. युनायटेड एअर लाइन्स या कंपनीकडे त्यांनीं मोठ्या विमानांवरील जागेसाठीं अर्ज केला. चष्म्याशिवायची दृष्टि अमुक इतकी असलीच पाहिजे असा कंपनीचा नियम होता. त्यावरून त्यांना नाकारण्यांत आलें. त्यांनीं दावा लावला. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं, सात विरुद्ध दोन मतांनीं, असा निकाल दिला कीं, मनुष्य अपंग आहे कीं नाहीं हें चष्मा, औषध वगैरे उपाय जमेस धरून ठरवावें. या बहिणींना चष्म्यानें स्वच्छ दिसतें, म्हणून त्या अपंग नव्हेत, म्हणून त्यांना हा कायदाच लागू नाहीं. म्हणजे कंपनीच्या दारांत त्या नोकरीस न चालण्याइतक्या अधू, आणि न्यायालयाच्या दारांत दाद मागण्यास न चालण्याइतक्या धडधाकट! रक्तदाबाचा विकार असलेल्या एका यंत्रकामगाराचा दावाही त्याच दिवशीं त्याच तर्कानें फेटाळला गेला. औषधानें त्याचा दाब आटोक्यांत राहतो, असें कारण झालें. ज्यानें आपल्या व्याधीवर नीट उपचार केले तोच संरक्षणाला मुकला.

पुढें जवळजवळ दहा वर्षें अमेरिकेंतील अपंगांचे दावे याच खडकावर फुटत राहिले. मधुमेही, अपस्मारी, मानसिक व्याधीवर औषध घेणारे, अशा कित्येकांना मालकानें काय केलें हें सांगण्याची पाळीच आली नाहीं. ते अपंग आहेत कीं नाहींत या वादांतच खटला संपे. अखेर २००८ सालीं तेथील विधिमंडळानें कायदा दुरुस्त करून न्यायालयाचा तो अर्थ स्पष्ट शब्दांत रद्द केला, आणि औषधोपचार बाजूस ठेवून मूळ व्याधि पाहावी असें सांगितलें. मौज म्हणजे, या दुरुस्तींतूनही साधा चष्मा वगळलेलाच राहिला, नाहींतर निम्मा देश अपंग ठरला असता! परंतु चष्म्याशिवायच्या दृष्टीवर कोणास नाकारावयाचें असेल, तर ती अट कामासाठीं खरोखर आवश्यक आहे हें मालकानें दाखवावें, अशी पुरवणी जोडण्यांत आली.

मालकाचा आणि अपंग नोकराचाच तेवढा संबंध असतो असें मात्र नाहीं. बाजूला बसलेल्या तिसऱ्याचाही असतो. एका विमान कंपनींत सामान चढविणाऱ्या हमालाची पाठ दुखावली. त्याला टपालाच्या खोलींत हलकें काम देण्यांत आलें. पुढें सेवाज्येष्ठतेच्या नियमानें ती जागा वरच्या नोकरांना मागतां येऊं लागली, आणि 'मला येथेंच राहूं द्या' ही त्याची विनंति नाकारण्यांत आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २००२ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, साधारणतः सेवाज्येष्ठतेची पद्धत मोडून जागा देणें ही वाजवी सोय नव्हे. परंतु त्या पद्धतीला मालक पूर्वींपासूनच अपवाद करीत आला असेल, तर आणखी एक अपवाद मागण्याचा हक्क नोकराला आहे. वर्षानुवर्षें वाट पाहून ज्याचा क्रम आला, त्याचाही कांहीं हक्क असतो, ही बाजू न्यायालयानें डोळ्यांआड केली नाहीं. हा निकाल पांच विरुद्ध चार मतांचा होता, यावरून प्रश्न किती नाजूक होता तें दिसतें.

परंतु या साऱ्या विषयाचा गाभा ज्यांत उघडा पडला, तो निकाल अमेरिकेचा नसून ब्रिटनचा आहे. स्कॉटलंडांत फाइफ म्हणून एक प्रांत आहे. तेथील कौन्सिलाकडे रस्ते झाडण्याच्या कामावर एक बाई होती. १९९९ सालीं तिच्यावर एक लहानशी शस्त्रक्रिया झाली. तींत गुंतागुंत होऊन तिला चालतां येईनासें झालें. रस्ते झाडणें तर संपलेंच. पण ती बसून करण्याचें काम करूं शकत होती. त्यासाठीं तिनें शिक्षणही घेतलें. कौन्सिलानें तिला बैठ्या जागांसाठीं अर्ज करण्यास मुभा दिली. मात्र त्या जागा पगारानें किंचित् वरच्या असल्यामुळें, नियमाप्रमाणें, तिनें इतर उमेदवारांबरोबर मुलाखती देऊन पहिलें आलें पाहिजे, असें ठरलें. शंभराहून अधिक जागांसाठीं तिनें अर्ज केले. एकही मिळाली नाहीं, आणि शेवटीं तिला नोकरींतून काढण्यांत आलें.

कौन्सिलाचें म्हणणें वरवर बिनतोड होतें. आम्हीं तिला इतरांपेक्षां वाईट वागविलें नाहीं; मुलाखत सर्वांना सारखीच होती. खालच्या न्यायमंडळांनीं तें मान्य केलें. परंतु २००४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें तें फिरविलें. न्यायासनावर त्या वेळीं लेडी हेल होत्या. स्त्री आणि पुरुष यांच्यांत भेद करूं नये असें कायदा म्हणतो तेव्हां दोघांना एकसारखें वागवावें असा त्याचा अर्थ असतो. पण अपंगांच्या बाबतींत कायद्याला फरक अमान्य नाहीं, उलट तो मालकाकडून फरक करण्याची अपेक्षा ठेवतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. सर्वांना लागू असलेली मुलाखतीची अटच जर या बाईची वाट अडवीत असेल, तर ती अट तिच्यापुरती बाजूला ठेवणें हेंही मालकाच्या कर्तव्यांत येऊं शकतें. अधिक अनुकूल वागणूक देणें हेंच येथें समान वागणें होय. एवढें सांगून न्यायालयानें प्रकरण पुन्हां खालच्या मंडळाकडे पाठविलें, कारण या विशिष्ट प्रसंगीं काय वाजवी होतें हें पाहणें त्याचें काम होतें.

आतां आपल्याकडे वळूं. हिंदुस्थानांत १९९५ सालीं अपंग व्यक्तींचा पहिला स्वतंत्र कायदा झाला व तो १९९६ च्या फेब्रुवारीपासून अमलांत आला. त्यांत 'वाजवी सोय' हा शब्द नव्हता. पण ४७ व्या कलमांत त्याचें एक बीज होतें. सरकारी नोकराला नोकरींत असतांना अपंगत्व आलें, तर त्याला काढतां येणार नाहीं किंवा खालच्या पायरीवर आणतां येणार नाहीं. जुनें काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या जागीं घ्यावें. तशी जागा नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा जागा निर्माण करून त्याला ठेवावें, असें तें कलम. या कलमाची परीक्षा २००३ सालीं झाली. निमलष्करी दलांतील एका शिपायाला कामावर असतांना डाव्या पायाला दुखापत झाली. पुढें पाय सडून तो कापावा लागला. १९९८ सालीं त्याला नोकरीस अपात्र म्हणून घरीं पाठविण्यांत आलें. उच्च न्यायालयांत तो हरला. सर्वोच्च न्यायालयानें मात्र तो हुकूम रद्द केला. त्याला अपंगत्वाचें निवृत्तिवेतन मिळत आहे, हा सरकारचा बचाव होता. पेन्शन मिळतें एवढ्यावरून ४७ व्या कलमाचें संरक्षण नाकारतां येत नाहीं, असें न्यायालयानें बजावलें.

महाराष्ट्राला ज्याचा अभिमान वाटावा असा एक निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. एका मोठ्या सरकारी बँकेंत अधिकाऱ्याच्या जागेसाठीं एक तरुण परीक्षा व मुलाखत उत्तीर्ण झाला. वैद्यकीय तपासणींत, त्याच्या शरीरांत दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलें आहे हें समजलें. तो काम करण्यास समर्थ होता. पण त्याच्या औषधपाण्याचा खर्च बँकेला सोसावा लागेल, म्हणून त्याला अपात्र ठरविण्यांत आलें. त्या वेळच्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत हा बसत नव्हता. परंतु अपंगांच्या हक्कांविषयींच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानें २००७ च्या ऑक्टोबरांत मान्यतेची मोहोर उठविली होती, आणि त्या करारांत वाजवी सोयीचें तत्त्व स्पष्ट आहे. त्याचा आधार घेऊन उच्च न्यायालयानें २००९ सालीं बँकेचें म्हणणें अमान्य केलें. एवढ्या विस्तृत कारभाराच्या बँकेला एका अधिकाऱ्याच्या औषधाचा खर्च हा अवाजवी बोजा कसा, हा त्यांतला प्रश्न कोणत्याही हिशेबी गृहस्थाला पटेल असा आहे. देशांत कायदा होण्यापूर्वीं सात वर्षें हें तत्त्व मुंबईंत नोकरीच्या प्रकरणांत लागू झालें.

पुढें २०१६ च्या डिसेंबरांत नवा कायदा संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून जारी झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले. सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा शेंकडा तीनच्या चार झाल्या. वाजवी सोयीची व्याख्या आली, आणि ती नाकारणें हा भेदभाव होय असें व्याख्येंतच लिहिलें गेलें. २०११ च्या शिरगणतींत देशांत २ कोटि ६८ लक्ष अपंग नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्रांतले सुमारें ३० लक्ष. हीं माणसें नवीन नाहींत. त्यांचा हिशेब मात्र नवीन आहे.

नव्या कायद्याचा अर्थ लावणारे दोन निकाल २०२१ सालचे आहेत. पहिला, लिहितांना बोटें आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराचा. त्याला मुलकी सेवेच्या परीक्षेंत लेखनिक हवा होता. त्याचें अपंगत्व शेंकडा ४० या ठरीव मापाचें नाहीं, म्हणून त्याला नकार मिळाला. हें माप राखीव जागांसारख्या लाभांसाठीं आहे, वाजवी सोयीचा हक्क त्या मापावर टांगलेला नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें त्या वर्षीं फेब्रुवारींत ठरविलें. आणि त्याला अनुसरून लेखनिकांविषयींचे सरकारी नियम २०२२ च्या ऑगस्टांत निघाले. दुसरा निकाल डिसेंबरांतला, केंद्रीय राखीव पोलिसांतील एका मानसिक व्याधिग्रस्त अधिकाऱ्याचा. त्याच्या वर्तनाबद्दल खात्यानें चौकशी सुरू केली होती. न्यायालयानें ती रद्द केली. शिस्तभंगाच्या कारवाईमागें व्याधि हें एकमेव कारण असलें पाहिजे असें नाहीं, अनेकांपैकीं एक कारण असलें तरी भेदभाव होतो, असें तें म्हणालें. तरीही खात्याच्या चिंतेकडे त्यानें दुर्लक्ष केलें नाहीं. जरूर तर त्याला दुसरें काम द्यावें, तें शस्त्रांशीं संबंध नसलेलें असावें, पण पगार व सेवेच्या अटी कमी करूं नयेत, असा तो मधला मार्ग होता. वाजवी सोय म्हणजे काय याचें इतकें नेमकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

न्यायाधीशांच्या स्वतःच्या घरांतही हा वाद आला. तामिळनाडूंत दृष्टि शेंकडा सत्तर गेलेल्या एका उमेदवाराला न्यायाधीशाची जागा नाकारण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं उचलून धरला होता. वर सांगितलेल्या २०२१ च्या निकालानें, त्या वेळीं वाजवी सोयीचा विचारच झाला नव्हता असें म्हणून तो निकाल दूर सारला. मग मध्य प्रदेशांतील एका अंध उमेदवाराच्या आईनें सरन्यायाधीशांना पत्र लिहिलें. तें पत्रच अर्ज म्हणून दाखल झालें. ३ मार्च २०२५ रोजीं न्या. पार्डीवाला व न्या. महादेवन यांनीं, अंधांना न्यायिक सेवेंतून वगळणारा तेथील नियम रद्द ठरविला. न्यायदेवतेचे डोळे बांधलेले आहेत असें आपणच म्हणतों, आणि अंधाला न्यायासनावर बसूं देण्यास इतकीं वर्षें लागलीं!

मुंबई उच्च न्यायालयापुढें २०२३ सालीं एका पूर्णपणें अंध स्त्रीचें प्रकरण आलें. रेल्वेंतील नोकरीचा अर्ज दुसऱ्याच्या मदतीनें भरतांना जन्मतारीख चुकली, आणि तेवढ्यावरून तिची उमेदवारी बाद झाली होती. अर्ज स्वतः वाचून तपासणें तिला शक्यच नव्हतें. तिची बाजू न्यायालयानें उचलून धरली. येथें ना जिना, ना यंत्र, ना खर्च. फक्त एक दुरुस्ती. पुष्कळ वाजवी सोयी अशाच फुकटच्या असतात. अमेरिकेंत १९८३ पासून मालकांना या बाबतींत सल्ला देणारी एक संस्था आहे. तिच्या पाहणींत मालकांनीं सांगितलेल्या सोयींपैकीं निम्म्याच्या आसपास सोयींना कांहींच खर्च आलेला नाहीं.

आतां कायद्याच्या उणिवेकडे. २०१६ च्या कायद्याचें विसावें कलम, म्हणजे वाजवी सोय देण्याचें आणि नोकरींत अपंगत्व आल्यास न काढण्याचें बंधन, सरकारी संस्थांपुरतें लिहिलेलें आहे. खासगी मालकाला समान संधीचें धोरण जाहीर करावें लागतें, आणि वीस किंवा अधिक नोकर असल्यास त्यांत अपंगांसाठींच्या सोयी व त्यांस योग्य अशा जागा नमूद कराव्या लागतात. पण ज्या गिरणींत, दुकानांत, खासगी पेढींत शहरांतील बहुसंख्य माणसें पोट भरतात, तेथें अपघातानें हात गेलेल्याला विसाव्या कलमाइतकी भक्कम भिंत पाठीशीं नाहीं. ही त्रुटि लहान नव्हे. अमेरिकेनें १९९० सालीं व ब्रिटननें १९९५ सालीं खासगी मालकांवर जें बंधन घातलें, तें येथें सरकारनें आपल्यावर घेतलें आणि इतरांना सौम्य शब्दांत सांगितलें. दंडही पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपयांपर्यंतच. पुढच्या प्रत्येक गुन्ह्यास मात्र पन्नास हजारांपासून पांच लाखांपर्यंत.

ज्याला दाद मागावयाची आहे त्यानें पहिल्यानें आपली मागणी लेखी द्यावी, आणि तींत व्याधीचें वर्णन थोडकें करून हवी असलेली सोय नेमकी लिहावी. तोंडी मागितलेली सोय न्यायालयांत दिसत नाहीं. सरकारी संस्थेंत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. त्यानें तक्रार नोंदून दोन आठवड्यांत चौकशी करावी असा नियम आहे. तेथें समाधान न झाल्यास जिल्हा समितीकडे जातां येतें. याशिवाय राज्याच्या आयुक्तांकडे अर्ज करतां येतो. महाराष्ट्रांत त्यांची कचेरी पुण्यास आहे, आणि साक्षीदार बोलावणें, कागद मागविणें असे दिवाणी न्यायालयाचे कांहीं अधिकार त्यांना आहेत. वकिलाची फी देऊन उच्च न्यायालयांत जाण्यापूर्वीं हा मार्ग पुष्कळांना पुरतो. मात्र कित्येक नोकर, विशेषतः मनाची व्याधि असलेले, आपलें दुखणें सांगतच नाहींत. सांगितलें तर बढती जाईल ही भीति असते, आणि ती अगदींच खोटी नसते. पण मालकाला जें ठाऊकच नाहीं, त्याची सोय त्यानें केली नाहीं म्हणून त्याला दोष देतां येत नाहीं, असेंच सर्व देशांतील न्यायालयांचें सामान्यतः मत आहे.

अलीकडचें एक प्रकरण आंध्र-तेलंगणाच्या राज्य परिवहन मंडळांतलें आहे. एका बसचालकाला रंग नीट ओळखतां येत नाहींत असें तपासणींत दिसून आल्यावर मंडळानें त्याला मुदतीपूर्वींच निवृत्त केलें. रंगांधळेपणा त्या कायद्याच्या यादींत नाहीं. परंतु अशा चालकांना दुसरें काम देण्याचा करार १९७९ सालींच मंडळानें कामगार संघाशीं केलेला होता. दुसरें काम आहे कीं नाहीं याचा शोधही न घेतां मंडळानें त्याला घरीं पाठविलें, असें सर्वोच्च न्यायालयाला आढळलें. १ ऑगस्ट २०२५ रोजीं न्यायालयानें हुकूम दिला कीं, आठ आठवड्यांच्या आंत त्याला त्याच पगाराच्या श्रेणींत झेपेल असें काम द्यावें, आणि मधल्या काळाच्या थकलेल्या पगारापैकीं शेंकडा पंचवीस चुकते करावे.